अनुनादनाथांची अंघोळ

शेवट आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला घाई राहणार नाही. ऐन पौषात, शिवारावरचं धुकं अजून उठलेलं नसताना, टाकवे बुद्रुकच्या मारुतीच्या देवळासमोर ऊर्जामहर्षी अनुनादनाथ यांनी अख्ख्या गावादेखत पाटावर बसून अंघोळ केली, आणि विश्वातली फुकट वीज त्या पाण्याबरोबर गटारातून वाहून गेली.

आता हे विसरा. असं काही घडलेलं नाही. ग्रामसभेने तसा ठराव केलाय : 'सदर अंघोळ झालेली नाही.' सूचक कोंडाजी आबा, अनुमोदक सरपंच, सर्वानुमते मंजूर. हात मीही वर केला होता. तेव्हा पुढचा मजकूर म्हणजे न घडलेल्या गोष्टीचं डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन, असं समजून वाचावं.

मी सुरज. 'सुरज साउंड'चा मालक, कामगार आणि हमाल. दोन स्पीकर, एक अँप्लिफायर आणि चार माइक, त्यातले दोन बोलतात, दोन शोभेला. गावात लग्न असो, कीर्तन असो, नाहीतर म्हशीचा वाढदिवस असो (झालेला आहे, केक म्हशीनेच खाल्ला), आवाज माझाच. त्यामुळे अनुनादनाथ लोणावळ्याहून आमच्यात अवतरले, तेव्हा त्यांच्या तोंडापुढे माइक धरायचा मान मला मिळाला.

पहिल्या दिवशी देवळासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. बायका, पोरं, कंपनीतून सुटलेली पहिली पाळी आणि कंपनीला निघालेली दुसरी पाळी. मधोमध टेबलावर भगव्या कापडाने झाकलेलं लाकडी खोकं. त्याच्या पोटात तांब्याच्या तारेचं भलंथोरलं वेटोळं, म्हणजे कॉइल, आणि तिच्या जोडीला विहिरीवरच्या मोटारीला असतो तसला कंडेन्सर. खोक्याच्या तोंडावर दोन गोल मीटर, घुबडाच्या डोळ्यांसारखे. मागून एक वायर निघून देवळाच्या भिंतीतल्या बोर्डात गेलेली.

"बंधूंनो, भगिनींनो आणि वातावरणातल्या तमाम इलेक्ट्रॉननो!" अनुनादनाथांनी सुरुवात केली.

मी आवाज थोडा वाढवला. मागे उभ्या असलेल्या इलेक्ट्रॉनना ऐकू जायला हवं.

"कुणाच्या घरी मेलेली ट्यूब आहे का?"

हा प्रश्न कोंडाजी आबांसाठीच जन्माला आला होता. आबा काहीच टाकून देत नाहीत. त्यांच्या माळ्यावर तीन पिढ्यांच्या ट्यूबा सरणासारख्या रचून ठेवलेल्या आहेत. आबा त्यातली एक घेऊन आले. महाराजांनी खोक्याचं बटण दाबलं. खोकं घूं करायला लागलं आणि आबांच्या हातातली ट्यूब, ना वायर, ना पट्टी, लख्ख पेटली.

आबा ट्यूबकडे बघत राहिले.

"आरं, ही तर आमच्या धाकट्याच्या लग्नात गेलती!"

"गेलेलं काहीच जात नाही, आबा," महाराज म्हणाले. "फक्त अनुनादाची वाट बघत असतं."

मग टाळ्या, शिट्ट्या, 'मारुतीरायाच्या नावानं चांगभलं'. खरं सांगतो, काटा माझ्याही अंगावर आला होता. आबांनी ट्यूब खाली ठेवायला साफ नकार दिला. ते ती घेऊन गावभर फिरायला निघाले आणि खोक्यापासून लांब जाताच ती विझली, तेव्हा परत आले.

यानंतर खरा चमत्कार. "कैलास, आकडे!" महाराज गरजले.

कैलास म्हणजे माझा चुलतभाऊ. कंपनीत कायमची रातपाळी करतो, त्यामुळे दिवसा त्याचे डोळे उघडे असले तरी बाकीचा कैलास झोपलेला असतो. महाराजांनी त्याला पट्टशिष्य केलं होतं. त्याने एका मीटरवरचे व्होल्ट वाचले, दुसऱ्यावरचे अँपिअर वाचले, मोबाइलवर दोघांचा गुणाकार केला आणि भिंतीतून आलेल्या विजेने भागला.

"सात पट!" कैलास ओरडला, आणि त्याचा आवाज चिरकला.

"भिंतीतून एक भाग घेतली, कॉइलमधून सात भाग निघाली!" महाराजांनी दोन्ही हात पसरले. "बोला, कुठून आली?"

"कुटून?" आबांनी मनापासून विचारलं.

"सह्याद्रीतून, आबा! इथल्या कातळात कंप आहे. कार्ल्याच्या लेण्यात आवाज घुमतो की नाही? का घुमतो? कातळाला बोलायचंय म्हणून! माझी कॉइल आणि तुमचा कातळ एका सुरात आले, की वीज नुसती धो धो!"

एवढं झाल्यावर मुद्दा आला. ही कॉइल लहान. गावाला पुरेल अशी महाकॉइल करायची तर तांबं लागणार. "पण दुकानातलं नको! दुकानातलं तांबं अनाथ असतं. त्याला माया नसते. मला हंडे द्या, कळश्या द्या, घंगाळं द्या. पिढ्यान्‌पिढ्या हात लागलेलं तांबं!" रविवारी सकाळी टेम्पो येणार, सगळं लोणावळ्याच्या आश्रमात नेणार, तिथे ते वितळवून मंत्रासह तार ओढणार.

सरपंच सीतारामभाऊंनी भारावून त्याच संध्याकाळी वेशीवर फलक लावायला सांगितला : 'सात पट गाव टाकवे बुद्रुक आपले स्वागत करीत आहे.' देवळाच्या ओवरीत तांब्याचा ढीग चढायला लागला. आणि कैलास घरी गेला, तो मोरीतलं घंगाळ उचलायला.

त्या घंगाळाबद्दल सांगायला हवं. कस्तुराकाकी, म्हणजे कैलासची आई, लग्न होऊन तिकोणा पेठेहून टाकव्याला आली तेव्हा ते तिच्याबरोबर आलं. काठावर तिचं नाव कोरलेलं आहे. दोन माणसांनी धरावं एवढं जड. कैलासची पहिली अंघोळ त्यात झाली, माझी झाली, आमच्या घरातल्या झाडून सगळ्या पोरांची झाली. आता कैलासची बायको अनिता आठव्या महिन्यात होती, आणि काकीने ते घंगाळ चिंचेने घासून सोन्यासारखं करून ठेवलं होतं. कुणासाठी, ते सगळ्या घराला ठाऊक होतं.

"कैलास, ठेव ते खाली," काकी म्हणाली.

"आई, गावाचं काम हाय."

"गावाला आंघूळ घालायचीय का?"

"वितळवून कॉइल करायचीय. तांबं तेच ऱ्हातं गं, नुसता आकार बदलतो."

"मग तुजं डोस्कं बी दे वितळवायला. आकार तरी बदलंल."

"सुऱ्या, तू सांग हिला."

मी सांगितलं नाही. मला त्या दोघांच्याच घरात जेवायचं असतं. कैलास घंगाळ घेऊन गेलाच. महाराजांनी नेमलेल्या तांबं-समितीचा अध्यक्ष तोच, आणि अध्यक्षाचंच तांबं आलं नाही तर गाव काय म्हणेल, असं त्याचं म्हणणं. काकीने रिकाम्या मोरीकडे एकदा पाहिलं. मग डोक्यावर पदर घेतला आणि मला म्हणाली, "चल. सखारामाच्या यशोधरेकडं."

यशोधरा मॅडम लोणावळ्याच्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. मलाही शिकवलंय. मी त्यांना अजून घाबरतो, कारण त्या चिडत नाहीत, नुसतं 'करून बघू' म्हणतात.

"पोरी, तू विजेचंच शिकवतीस न्हवं?" काकीने उंबऱ्यातूनच विचारलं.

"हो मावशी. या ना आत."

"बसाया न्हाई आले. एक घालून सात निघत्यात का, त्येवडं सांग."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं, आबांच्या ट्यूबसकट.

"नाही निघत," त्या म्हणाल्या. "पण माझ्या सांगण्यावर कुणी विश्वास ठेवू नये. महाराजांच्याही ठेवू नये. करून बघू."

दुसऱ्या दिवशीच्या सभेत मॅडमनी हात वर केला. मी माइक त्यांच्याकडे दिला, बोलणाऱ्या दोनांपैकी एक.

"महाराज, एक भाग वीज आत घातली की सात भाग बाहेर येतात ना?"

"सात! कधी कधी साडेसात!"

"मग त्या सातांतला एक भाग परत खोक्यात घाला आणि भिंतीतली पिन काढा. सहा उरतातच. खोकं आपल्याच जिवावर चालत राहील."

गर्दीत कुजबुज झाली. आबांनी मान डोलावली. "बराबर हाय की. सात पायली पिकली तर एक बियाला ठिवायची, सा खायाची. काडा पिन."

माझ्या स्पीकरमधून नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांचा चेहरा उजळला.

"त्याच कॉइलची वीज त्याच कॉइलला?" ते कानांवर हात ठेवून म्हणाले. "अहो, हा तर सगोत्र विवाह झाला!"

गाव हादरलं. सगोत्र म्हटल्यावर विज्ञान जागच्या जागी थांबलं. म्हाताऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावला. सरपंच म्हणाले, "नको मॅडम, तसलं काय नको. वेशीवर बोर्ड लावलाय आपण."

मॅडमच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "ठीक आहे. मग स्थळ बाहेरचं बघू. पाणी चालेल?"

महाराजांना पाण्याचं गोत्र पटकन आठवलं नाही. "चा... चालेल," ते म्हणाले, आणि फसले.

अटी मॅडमनी सगळ्यांसमोर ठरवल्या. एकाच मापाची दोन घंगाळं, काकीचं आणि सरपंचांचं. दोन्हींत एकाच विहिरीचं, सारखंच पाणी. दोन्हींत पाणी तापवायचा सारखा रॉड. काकीच्या घंगाळातल्या रॉडला वीज सरळ भिंतीतून, सरपंचांच्या घंगाळातल्या रॉडला महाराजांच्या कॉइलमधून. भिंतीतून किती वीज घेतली ते कळायला मांडवातली वीज मोजायला लावतो ते माझ्याकडचे दोन मीटर. त्यातला कुठला हवा तो महाराजांनीच निवडायचा. वीज जाते तसा मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो. एकदा लुकलुकला की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. दोन्हीकडे चिंचोके सारखे. संपले की पिन काढायची, आणि पिन निघेपर्यंत पाण्याला कुणी बोट लावायचं नाही, नाहीतर चमत्काराआधी अंत्यविधी.

"कॉइलचं पाणी जादा तापलं," काकी उभी राहून म्हणाली, "तर माजं घंगाळ मी माज्या हातानं टेम्पोत चढवीन. न्हाई तापलं, तर समद्या गावाचं तांबं ज्याच्या त्याच्या घरी. हाय कबूल?"

कैलासने महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी कातळाकडे पाहिलं. कबूल झालं.

रविवारी सकाळी थंडी अशी होती की माइकमधूनसुद्धा वाफ येत होती. टेम्पो येऊन उभा राहिला होता. आबा कांबळं पांघरून एका मीटरसमोर बसले, अनिता खुर्ची घेऊन दुसऱ्यासमोर. मी घोषणा केली : "स्पर्धक पाणी क्रमांक एक आणि स्पर्धक पाणी क्रमांक दोन, दोघांनाही शुभेच्छा."

काकीच्या बाजूचा दिवा भराभर लुकलुकत होता. अनिताचे चिंचोके संपले आणि आम्ही पिन काढली. कॉइलच्या बाजूचा दिवा सावकाश डोळे मिचकावत होता. आबांना दोनदा डुलकी लागली, दोन्ही वेळा मॅडमनी त्यांना हलवलं.

"आपलं पाणी कवाचं थांबलंय, निवतंय की," काकी कुजबुजली.

"निवू दे, मावशी. महाराजांना तेवढी सवलत."

महाराज खोक्याभोवती फिरून 'ओम् कंपाय नमः' म्हणत होते. काकीची मांजर, मनी, तीही एक फेरी मारून खोक्यावर चढली आणि अंगाचं वेटोळं करून बसली. कॉइलवर कॉइल. महाराजांनी हा शुभशकुन असल्याचं जाहीर केलं.

आबांचा शेवटचा चिंचोका सरकला. पिन काढली. मॅडमनी आधी काकीच्या घंगाळावरचं झाकण उचलावं तसं धुकं हाताने बाजूला केलं. धुकं नव्हतंच, वाफ होती. आबांनी बोट बुडवलं आणि "आयायाया" करत बाहेर काढलं. मग सरपंचांनी आपल्या घंगाळात हात घातला. तो आत ठेवूनच ते विचार करत राहिले.

"कसं हाय, भाऊ?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"गार न्हाई," सरपंच प्रामाणिकपणे म्हणाले. "म्हंजी विहिरीएवडं गार न्हाई."

"तापलंय!" महाराज पुढे झाले. "पाणी कमालीचं तापलंय! पण ही सूक्ष्म उष्णता आहे. स्थूल हाताला कळत नाही."

काकीने पदर खोचला. "मग स्थूल अंगाला कळंल. बसा पाटावर."

"अं?"

"आंघूळ करा म्हंते. तुमचंच पानी हाय. तांब्या ह्यो घ्या."

गर्दी आता पुढे सरकली होती. "बसा महाराज!" "सूक्ष्म हाय, भाजणार न्हाई!" "साबण आणू का?" मागे जायला वाट नव्हती. मागे टेम्पो होता. महाराजांनी कफनी काढली, पाटावर बसले, डोळे मिटले आणि पहिला तांब्या डोक्यावर ओतला.

त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो कुठल्याच उपनिषदात नाही. मी कर्तव्य म्हणून माइक लांबून पुढे केला.

"महाराज, पाणी कसं आहे?"

"क... क... कड... कडकडीत!"

माझ्या स्पीकरने तो कडकडीतपणा वेशीपर्यंत नेला, दातांच्या ठेक्यासकट. दुसरा तांब्या त्यांनी घेतला नाही. पलीकडे कोंडाजी आबांनी कुणालाही न विचारता काकीच्या घंगाळातलं पाणी बादलीत काढून घेतलं होतं आणि ते वाफेत बसून गुणगुणत होते.

"पण मॅडम," अनिताने विचारलं, "चिंचोके तर दोनीकडं सारकंच व्हते. मग हिकडची वीज गेली कुटं?"

"मनीला विचारा," मॅडम म्हणाल्या.

सगळ्यांनी खोक्याकडे पाहिलं. मनी आता चारी पाय आकाशाकडे करून, पोट उघडं टाकून झोपली होती. मॅडमनी अनिताचा हात धरून खोक्याच्या फळीवर ठेवला. अनिताने तो झटकन मागे घेतला.

"आग गं! तापलंय की!"

"कातळातून काही आलं नाही. भिंतीतून आलं त्यातलंच निम्मंअर्धं या तारेला तापवण्यात खर्च झालं. मांजराला कळलं, कारण त्याने मीटर वाचला नाही, ऊब शोधली."

"पण सात पट आकडा मी सोता काडलाय!" कैलास कळवळून म्हणाला. "व्होल्ट खरे, अँपिअर खरे!"

"दोन्ही खरे. तुझा गुणाकारही बरोबर. आता मला सांग, तू कुठली पाळी?"

"रातपाळी."

"आणि अनिता?"

"दिवसपाळी," अनिता म्हणाली. "मी गेटातून आत, हे भाईर."

"भांडणं होतात का?"

"कशी हुनार? भेटतच न्हाई तर."

"म्हणजे घरात नवराही आहे, बायकोही आहे. पण भांडणाला दोघं एकाच वेळी घरात लागतात. विजेचंही तसंच. या कॉइलमध्ये व्होल्ट जोरात असतात तेव्हा अँपिअर कामाला गेलेले, आणि अँपिअर घरी येतात तेव्हा व्होल्ट बाहेर. कैलासने दोघांच्या हजेरीचा गुणाकार केला आणि सांगितलं, या घरात तुफान भांडणं चाललीत."

गर्दीत पहिलं हसू फुटलं. टाकव्यात निम्मी लग्नं अशी दोन पाळ्यांतच चाललीत, त्यामुळे हे सगळ्यांना एका दमात कळलं.

"रविवारी व्हत्यात की भांडणं," अनिता म्हणाली.

"तेवढीच खरी वीज," मॅडम म्हणाल्या. "बाकीची नुसती ये-जा. अनुनाद खोटा नाही हं. झोक्याला नेमक्या वेळी बोटाने ढकलत राहिलं तर झोका फांदीला लागतो. पण तो सगळा जोर तुमच्याच बोटाचा, साठत गेलेला. झोका घरून काही आणत नाही."

"आन् माजी ट्यूब?" आबा वाफेतून ओरडले.

"तिच्या टोकांच्या तारा जळाल्यात, आबा. आतला वायू कधी मेलाच नव्हता. त्याला चमकायला चिमूटभर वीज पुरते, तीही भिंतीतलीच."

इतका वेळ टेम्पोवाला कंटाळून उभा होता. तो आता पुढे आला आणि ओवरीतल्या ढिगाकडे बोट दाखवून, माइकच्या अगदी जवळ उभा राहून म्हणाला, "भंगार भरायचंय म्हणून फोन होता. हेच का?"

माइक चालू होता. मी तो बंद करायला विसरलो, असं माझं अधिकृत म्हणणं आहे.

अनुनादनाथ कफनी न शोधता खोक्यावरचं भगवं कापड ओढून, तेच गुंडाळून निघाले. मनी त्यामुळे खाली पडली आणि तिने आयुष्यात पहिल्यांदाच एका महर्षीवर पंजा उगारला. नंतर ते बेगडेवाडी स्टेशनवर दिसल्याचं आमच्या एकाने सांगितलं. चहा पीत होते. स्थूल उष्णतेचा.

तांबं परत वाटायला कसलीच अडचण आली नाही. आमच्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नावं कोरलेली असतात. बायका ढिगाजवळ आल्या, आपापलं नाव वाचलं आणि आपापला संसार डोक्यावर घेऊन गेल्या. कैलासने काकीचं घंगाळ एकट्याने उचललं. ते दोन माणसांचं आहे हे त्याला घराच्या अर्ध्या वाटेवर आठवलं. मग दुसरी बाजू मी धरली.

"आई, चुकलं गं," तो मोरीत ते ठेवताना म्हणाला.

"चुकलं तर चुकलं," काकी म्हणाली. "झोप आता जरा. दिवसाढवळ्या गुणाकार करू नगं."

माघात अनिताला मुलगी झाली. पहिली अंघोळ घंगाळात, चुलीवर तापवलेल्या पाण्याने. पोरगी अशी रडली की माझे स्पीकर मागे पडावेत. काकीने नाव आधीच ठरवलं होतं : प्रेरणा. अंघोळीआधी पाण्यात हात घालून काकी मॅडमना म्हणाली, "बघ बरं, कढत न्हाई न्हवं?" आणि मॅडमनी कोपर बुडवून बघितलं. करून बघितलं, म्हणजे.

माझं सांगणं एवढंच आहे. कुणी कितीही पट सांगू दे, आकडे दाखवू दे, कातळाला बोलतं करू दे. हात जोडायच्या आधी एकदा पिन काढायला सांगा. खरं असेल तर चालत राहील, आपलं काही जात नाही. आणि पिन काढू देत नसतील तर आपलं घंगाळ घरी न्या.

राहता राहिला वेशीवरचा फलक. तो पक्क्या लोखंडी पाइपावर बसवलेला असल्यामुळे निघत नाही. म्हणून सरपंचांच्या आग्रहावरून मी पुढील अर्ज टाइप करून दिला आहे. कुठे पाठवायचा ते अजून ठरायचं आहे.

'प्रति, मा. सक्षम अधिकारी, निसर्गनियम विभाग. विषय : ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमातून सूट मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय कळविण्यात येते की, आमचे गाव डोंगरी भागात मोडत असून 'सात पट गाव' असा फलक यापूर्वीच उभारण्यात आलेला आहे. तरी सदर नियम गावठाणाच्या हद्दीपुरता विशेष बाब म्हणून शिथिल करण्यात यावा. सात पट शक्य नसल्यास किमान दीड पट मंजूर व्हावी. फलकावरील आकडा आम्ही स्वखर्चाने दुरुस्त करून घेऊ. कळावे, आणि पोच द्यावी, ही नम्र विनंती.'